कागद मिटा, हिरा बघा

मागच्या अंकात अंगठीबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या काय, आणि पत्रांचा नुसता पाऊस! म्हणून या वेळचा सगळा कॉलम लग्नाची मागणी घालायच्या हिऱ्याच्या अंगठीवर. नवीन वाचकांसाठी सांगते, मी आधी बरीच वर्षं हिऱ्यांची प्रतवारी करायचे, म्हणजे दिवसभर चिमटा आणि भिंग, आणि नंतर दागिन्यांच्या काउंटरमागे उभी राहिले. आता काहीच विकत नाही, त्यामुळे बोलायला मोकळी आहे.

ताई, पुढच्या महिन्यात मैत्रिणीला लग्नाचं विचारणार आहे. दोन हिरे बघून ठेवलेत, दोन्ही गोल. पहिला बरोब्बर 1 कॅरेट, रंग ई, क्लॅरिटी व्हीव्हीएस 2, पण कट ‘गुड’. दुसरा 0.90 कॅरेट, रंग जी, क्लॅरिटी व्हीएस 2, कट ‘एक्सलंट’. पहिला बजेटला जेमतेम बसतो, दुसरा घेतला तर बऱ्यापैकी पैसे उरतात, आणि खरं सांगू का तेच खटकतंय, स्वस्तातला घेतला असं नको वाटायला. मित्र म्हणतात एक कॅरेट तो एक कॅरेट. काय करू?

दुसरा घे. उरलेले पैसे खिशात ठेव आणि अजिबात ओशाळू नकोस.

आता का ते सांगते, जरा लांबेल. हिऱ्याचे चार गुण मोजतात, कॅरेट म्हणजे वजन, रंग, क्लॅरिटी म्हणजे आतली स्वच्छता, आणि कट. पहिले तिघं जमिनीतून येतात, चौथा माणसाच्या हातातून येतो, आणि हिरा चमकतो तो या चौथ्यामुळे. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर तुझ्या डोळ्यात यायला हवा. खालची बाजू फार उथळ असेल तर उजेड खालून निसटतो आणि मधल्या सपाट पैलूत, म्हणजे टेबलमध्ये, माशाच्या डोळ्यासारखं एक राखाडी कडं दिसतं. फार खोल असेल तर मध्यभागी खिळ्याच्या डोक्यासारखा काळा डाग. हे दोन्ही भिंगाशिवाय दिसतात, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. गोल हिऱ्याचं हे गणित मार्सेल टोल्कोव्हस्की नावाच्या इंजिनीअरने 1919 मध्ये मांडलं, अजूनही साधारण त्याच्याच आसपास पैलू पाडतात. खालच्या भागाचा कोन 41 अंशांच्या जवळपास आणि वरच्याचा 34-35, एवढं डोक्यात ठेवलंस तरी सर्टिफिकेटवरची आकृती वाचता येईल.

तुझ्या पहिल्या हिऱ्याची गंमत बघ. बरोब्बर 1.00 आणि कट मात्र ‘गुड’, म्हणजे ‘एक्सलंट’ आणि ‘व्हेरी गुड’च्याही खालचा. हे वाचलं की माझी भुवई आपोआप वर जाते. 0.50, 1.00, 1.50 अशा आकड्यांवर भाव एकदम उडी मारतो, त्यामुळे घासणारा कच्च्या दगडातून एक कॅरेट कसंबसं वाचवायला बघतो, कंबर, म्हणजे मधली कड, जाड ठेवतो, पोट खोल ठेवतो. म्हणजे वजन आहे, पण ते खाली, कोंदणात दडलेलं. नीट घासलेला एक कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण 6.5 मिलिमीटर दिसतो आणि 0.90 चा साधारण 6.2. तुझा तो खोल पोटाचा एक कॅरेटवालाही वरून 6.2 च भरत असेल तर नवल नाही. सर्टिफिकेटवर मापं मिलिमीटरमध्ये दिलेली असतात, आजच बघ. तू पैसे मोजणार तिला कधीच न दिसणाऱ्या पोटासाठी.

क्लॅरिटी. व्हीव्हीएस म्हणजे आत अगदी अगदी बारीक दोष, व्हीएस म्हणजे अगदी बारीक दोष, आणि ही सगळी अक्षरं दहापट भिंगाखालची आहेत. व्हीएस 2 मध्ये मला भिंगातूनसुद्धा कधीकधी घड्याळाच्या काट्यासारखं दहा वाजल्यापासून दोनपर्यंत शोधत जावं लागायचं, मग कुठे कडेला पिसासारखी एखादी बारीक चीर सापडायची. तुझी मैत्रीण अंगठी बघेल ती हातभर अंतरावरून, डोळ्यात पाणी असेल तर तेवढीसुद्धा नीट नाही. नुसत्या डोळ्याला स्वच्छ दिसतोय ना, बास.

रंगाचं तसंच. रंग डी पासून झेड पर्यंत मोजतात, डी म्हणजे अगदी बिनरंगी, झेडकडे जावं तसा पिवळट. (डी पासून का, तर ए बी सी ही अक्षरं जुने व्यापारी मन मानेल तशी वापरून बसले होते, कुणी एए, कुणी एएए, म्हणून जीआयए या अमेरिकेतल्या रत्नपरीक्षेच्या संस्थेने नवी पट्टी आखताना पाटी कोरी करून डी पासून सुरुवात केली.) ई आणि जी मधला फरक मी सांगायचे तो हिरा पालथा घालून, पांढऱ्या कागदाच्या घडीत, शेजारी नमुन्याचे हिरे ठेवून. बोटात घातलेल्या एकट्या हिऱ्याकडे बघून तो सांगता येत नाही, मलाही नाही. आणि पिवळ्या सोन्यात बसवणार असशील तर आय, जे सुद्धा छान पांढरा वाटतो, कारण सोन्याचा पिवळेपणा आधीच डोळ्याला दिसत असतो.

आता एक काम कर. दुकानात जा आणि दोन्ही हिरे स्पॉटलाइटखालून बाहेर काढायला लाव. त्या दिव्यांखाली काचेचा तुकडासुद्धा राजासारखा मिरवतो. खिडकीशी ने, मग टेबलाखालच्या सावलीत धर, मग तुझ्या अंगाच्या सावलीत. सावलीतही जो जिवंत दिसतो तो घ्यायचा. विक्रेता कुरकुरला तर कुरकुरू दे. मी स्वतः काउंटरमागे होते तेव्हा गिऱ्हाईक खिडकीकडे निघालं की आमचे साहेब मला डोळ्यांनी खुणा करायचे, अडव म्हणून. यातच काय ते समज.

कागद मिटायचा म्हणजे फेकून द्यायचा नाही हां. सर्टिफिकेट हवंच, आणि ते दुकानाचं स्वतःचं नको, बाहेरच्या प्रयोगशाळेचं हवं. त्यावरचा नंबर त्या प्रयोगशाळेच्या साइटवर टाकून बघायचा आणि हिऱ्याच्या कंबरेवर लेझरने तोच नंबर कोरलाय का ते भिंगातून दाखवा म्हणायचं. आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे शेरे शेजारी ठेवून तुलना करू नकोस, एकीचा जी दुसरीचा एच असू शकतो.

अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्च करायचा असा नियम आहे म्हणे. माझा पगार आणि डोक्यावरची कर्जं बघता ते झेपणार नाही. लाज वाटते.

नियम बियम काही नाही रे, ती जाहिरात होती! डी बिअर्स ही हिऱ्याच्या खाणींची कंपनी, तिच्या जाहिरातींनी आधी एका महिन्याचा पगार म्हटलं आणि 1980 च्या दशकात त्याचे दोन महिने केले. ‘हिरा म्हणजे कायमचा’ ही प्रसिद्ध ओळसुद्धा त्यांच्याच जाहिरात एजन्सीतल्या फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी 1947 मध्ये लिहिली, आणि त्या स्वतः मात्र आयुष्यभर अविवाहित राहिल्या. कर्ज काढून अंगठी घेऊ नकोस. त्याचे हप्ते पुढे तिलाही तुझ्याबरोबर फेडावे लागतील, विचारलंय का तिला?

तिला सरप्राइज द्यायचंय, पण बोटाचं माप कसं काढू? झोपेत दोरा गुंडाळायचा असं वाचलं.

दोरा नको बाबा. दोरा ताणला जातो, झोपेत बोट वाकलेलं असतं, आणि ती मध्येच जागी झाली तर बोटाला दोरा बांधणाऱ्या माणसाबद्दल तिचं काय मत होईल ते मी सांगायला नको.

ती त्या बोटात आधीपासून एखादी अंगठी घालते का ते बघ. घालत असेल तर अर्धा तास गुपचूप उचल आणि सोनाराकडून आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून घे. मिलिमीटरच सांगायचं, कारण मापाचे नंबर देशादेशांत वेगळे, एकाचा 7 म्हणजे दुसऱ्याचा 14. बाहेर नेता येत नसेल तर स्वतःच्या बोटात घालून कुठे अडकते तिथे पेनाने खूण कर, किंवा ओल्या साबणाच्या वडीवर दाबून ठसा घे. अंगठी कोणत्या हाताची होती ते नक्की लक्षात ठेव, कामाच्या हाताची बोटं बऱ्याचदा किंचित जाड असतात. आणि बोटं दिवसभर सारखी नसतात, उकाड्यात आणि संध्याकाळी फुगतात, थंडीत आणि पहाटे बारीक होतात. पट्टी रुंद असेल तर तेच माप घट्ट बसतं, जरा मोठं घ्यावं लागतं.

अंदाजच करायची वेळ आली तर एक घर मोठी घे. लहान करायला पट्टीतला तुकडा काढून जोडतात, ते सोपं. मोठी करायला सोनं घालावं लागतं, आणि मुख्य म्हणजे गुडघा टेकून बसलेला असताना सांध्यावर अडकलेली अंगठी ढकलत बसणं हे दृश्य काही बरं दिसत नाही. सगळीकडून खडे जडवलेली पट्टी मात्र माप पक्कं ठाऊक असल्याशिवाय घेऊच नकोस, ती लहानमोठी करणं जवळजवळ अशक्य.

आम्ही दोघांनी मिळून लॅबमधला हिरा घ्यायचं ठरवलंय. माझे बाबा म्हणतात तो नकली, तिची आई म्हणते तोच बरा, खाणीतल्या हिऱ्याला रक्त लागलेलं असतं. आम्ही मधल्यामध्ये भरडतोय. खरं काय?

बाबा चूक. आईंचं म्हणणं अर्धं बरोबर. आता दोघांना माझं नाव सांगून मोकळे व्हा.

लॅबमधला हिरा हा हिराच आहे, कार्बनच, तीच रचना, तीच कठीणता, तसाच झगमगाट. नकली म्हणजे क्युबिक झिरकोनिया, ज्याला बाजारात नुसतं झिरकॉन म्हणतात, किंवा काच, जी हिऱ्यासारखी दिसते पण हिरा नसते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 1954 च्या डिसेंबरात ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाबाच्या यंत्रात कार्बनचे हिरे करून दाखवले. ते कण होते, उद्योगात घासायच्या कामाचे. दागिन्यात बसवण्याजोगा दगड त्याच कंपनीने केला तो 1970 मध्ये. आज दोन रीती आहेत, एक ती दाबाची, आणि दुसरीत एका बंद भांड्यात हिऱ्याची पातळ चकती ठेवून मिथेन आणि हायड्रोजन तापवतात, मग कार्बन त्या चकतीवर थरावर थर बसत जातो, दह्याला विरजण लावावं तसं एका तुकड्यावरून सगळं जमतं. काही आठवड्यांत हिरा तयार. खाणीतल्याला अब्जावधी वर्षं लागली, दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, आणि मग ज्वालामुखीने तो वर फेकला. नुसत्या डोळ्याने, भिंगाने, दुकानातल्या साध्या टेस्टरनेही दोघांत फरक कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. मी हजारो हिरे हाताखालून घातलेत आणि मला कळत नाही, बाबांना कळतो म्हणत असतील तर माझा नमस्कार सांगा.

बाबांच्या बोलण्यात एक खरा मुद्दा दडलाय मात्र, तो पैशाचा. लॅबमधले हिरे कितीही करता येतात, यंत्रं वाढली तसे भाव कोसळत गेले, आज घेतलेला उद्या विकायला गेलात तर हातात फारसं काही पडणार नाही. पण खाणीतल्याचंही फार कौतुक नको. दुकानाच्या दारातून बाहेर पडलात की त्याचीही किंमत उतरते, परत घेताना दुकानदार कोणता चेहरा करतो तो मी रोज आतून बघितलाय. विकायच्या हिशेबाने हिरा घ्यायचाच नसतो. घालायला घेताय ना? मग लॅबमधला घ्या, तेवढ्याच पैशात मोठा आणि जास्त चांगल्या कटचा मिळेल. फक्त बिलावर आणि सर्टिफिकेटवर ‘लॅब-ग्रोन’ असं स्वच्छ लिहून घ्या. लॅबचा आहे म्हणून कट बघायचा नाही असं करू नका, भराभर घासलेले निस्तेज दगड तिकडेही ढिगाने आहेत.

आता आईंचं. आफ्रिकेतल्या यादवी युद्धांत बंडखोर हिरे विकून शस्त्रं घ्यायचे, ते खरं आहे. त्यावर उपाय म्हणून 2003 पासून किंबर्ली प्रोसेस नावाची व्यवस्था सुरू झाली, कच्च्या हिऱ्यांच्या पेट्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय सीमा ओलांडू शकत नाहीत. त्यातली फट अशी की तिच्या व्याख्येत बंडखोरांचा पैसा बसतो, खाणीतल्या मजुराला काय मिळतं, त्याला कोण मारतं, नदीचं काय होतं, हे बसत नाही. आणि लॅबचा हिरा आपोआप सोवळा ठरतो असंही समजू नका. ती यंत्रं आठवडेच्या आठवडे वीज पितात, ती वीज कशावर बनली हेही विचारायला पाहिजे. आईंना सांगा, दोन्हीकडे विक्रेत्याला प्रश्न विचारायचे आणि त्याची ततपप झाली तर उठून यायचं.

ताई, ती नर्स आहे. दिवसाला पन्नासदा हात धुते, ग्लोव्हज चढवते उतरवते. उंच खड्याची सॉलिटेअर तिला आवडते पण टिकेल का? आणि हिरा तर म्हणे फुटतच नाही.

फुटतो. खऱ्या हिऱ्यावर घण घातला तर घण मोडेल, हिरा नाही, ही समजूत फार जुनी आहे आणि साफ चुकीची आहे. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच काढू शकतो, पण हिऱ्याला चार दिशा अशा असतात की त्या रेघेत नेमका घाव बसला की लाकडाच्या ओंडक्यासारखा उभा चिरतो. कलिनन हा 3106 कॅरेटचा जगातला सगळ्यात मोठा रत्नप्रतीचा हिरा 1908 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला जोसेफ अ‍ॅशर यांनी असाच पोलादी पात्यावर घाव घालून फोडला. पहिल्या घावाला पातंच मोडलं, नंतरच्याला हिरा चिरला. म्हणजे समजूत कुठून आली असेल तेही कळलं आणि ती का चूक तेही.

तेव्हा तिच्यासाठी खडा बुटका बसव. सॉलिटेअरमध्ये हिरा चार किंवा सहा नख्यांवर उंच धरलेला असतो, उजेड भरपूर, पण त्या नख्या ग्लोव्हज फाडतात आणि स्वेटरमध्ये अडकतात. त्याऐवजी हिऱ्याभोवती सोन्याचा अखंड काठ ओढलेलं सेटिंग मिळतं, बेझल म्हणतात, आपल्या जुन्या कोंदणासारखंच. थोडा उजेड कमी होतो पण कड सगळीकडून झाकलेली राहते. नख्याच हव्या असतील तर चार नको, सहा. एक नखी तुटली तरी खडा जागेवर राहतो, चारमध्ये एक गेली की उरलेल्या तीन भरवशाच्या नाहीत. टोकं असलेले आकार, चौकोनी प्रिन्सेस किंवा थेंबासारखा पेअर, घेऊच नकोस, टोक म्हणजे फुटायची जागा.

आणि एवढं करूनही रुग्णाला हात लावताना खड्याची अंगठी बऱ्याच ठिकाणी चालत नाही, खड्याखाली जंतू बसतात म्हणून. ड्यूटीवर ती अंगठी गळ्यात चेनमध्ये घालेल हे धरूनच चाल. बरोबर एक मजबूत चेन दिलीस तर तिला कळेल की तू तिच्या कामाचा विचार केलायस.

धातूचं थोडक्यात. पांढरं सोनं मुळात जरा पिवळट असतं, त्यावर ऱ्होडियमचा मुलामा देतात, तो हात धुऊन धुऊन काही वर्षांत उडतो आणि पुन्हा द्यावा लागतो. प्लॅटिनमला ती कटकट नाही, जड असतं आणि ओरखडे पडून मंद होतं, पण झिजून उडत नाही. तिच्या हाताला प्लॅटिनम.

हिरा खरा आहे का ते घरी कसं ओळखायचं? फुंकर मारून, काचेवर रेघ ओढून, वर्तमानपत्रावर ठेवून?

फुंकर मारली की वाफ पटकन उडते कारण हिरा उष्णता भराभर वाहून नेतो, हे शास्त्र म्हणून बरोबर आहे, पण मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यावरूनही पटकन उडते. काचेवर रेघ झिरकॉनही ओढतो, साधी गारगोटीही ओढते, आणि खरा असेल तर तू त्याची कड टवका उडवून घेशील ते वेगळंच. छापील अक्षरं दिसतात की नाही ते कटवर ठरतं, उथळ घासलेल्या खऱ्या हिऱ्यातूनही दिसतात.

त्यातल्या त्यात कामाची एक खूण सांगते. भिंगातून हिरा तिरका धरून बाजूच्या पतंगासारख्या पैलूतून आत बघ. मागच्या पैलूंच्या रेघा दुहेरी दिसल्या, रात्री चष्मा काढल्यावर दिवे दिसतात तशा, तर तो मॉइसनाइट. त्याचा झगमगाटही हिऱ्यापेक्षा रंगीत, डिस्कोच्या दिव्यांसारखा. वाईट दगड नाही हां तो, टिकाऊ आहे, कुणी मॉइसनाइट म्हणूनच मागून घेतला तर मला आनंदच आहे. हिरा म्हणून विकला तर मात्र फसवणूक. बाकी खात्री करायची तर खडा सुटा करून प्रयोगशाळेत पाठवायचा. सोनारानेच कान टोचलेले बरे.

आजीची अंगठी मला मिळाली आहे. हिरा आहे, पण कसासाच घासलेला, वरून बघितलं की मध्यभागी भोक पडल्यासारखं दिसतं. दुकानदार म्हणाला नव्याने घासून देतो, चमकेल. तीच अंगठी देऊन तिला विचारावं असं मनात आहे.

घासू नका! हात जोडते. ते भोक नाही. जुन्या काळी हिरे हाताने, मेणबत्तीच्या उजेडात बघायच्या हिशेबाने घासायचे, वरचा भाग उंच, टेबल लहान, आणि खालचं टोक बोथट करून तिथे एक छोटा पैलू ठेवायचे. वरून बघताना तो पैलू भोकासारखा दिसतो. नव्याने घासला तर वजन बरंच जाईल आणि हाती काय येईल, तर कुठेही मिळणारा एक गोल हिरा. एकदा खोलीतले दिवे घालवून मेणबत्तीजवळ धरून बघा, नव्या हिऱ्यासारखा चुरचुर चमकत नाही, मोठे मोठे रंगीत तुकडे सावकाश हलतात. मला विचाराल तर या सगळ्या पत्रांमधली सगळ्यात हेवा वाटावा अशी अंगठी तुमची आहे.

फक्त नख्या झिजल्या असतील त्या बघून घ्या, जुन्या अंगठीचा खडा पडतो तो याच कारणाने. डागडुजी करताना ‘खड्याला आच लागू देऊ नका, आधी काढून घ्या’ असं सोनाराला तोंडाने सांगा. हिरा कार्बनच आहे, आठशे अंशांच्या आसपास तापवला तर हवेत जळायला लागतो आणि वर दुधी साय धरल्यासारखा होतो.

काका मंडळी सोडा, मी मुलगी आहे आणि मीच त्याला विचारणार आहे. पुरुषाला हिऱ्याची अंगठी चालते का?

चालते की! रुंद पट्टी, हिरा पट्टीच्या पातळीला बुडवलेला, वर काहीच उचललेलं नाही. तो अंगठ्या घालत नसेल तर माप हलकं सैल घे, सवय नसलेल्या माणसाला नेमकी मापाचीसुद्धा टोचते. विचारून झाल्यावर तो काय म्हणाला ते मला कळव, मी वाट बघते.

अंगठी दिली, ती हो म्हणाली. पण दोनच महिने झाले आणि हिरा मंद दिसायला लागलाय. फसवलं का मला दुकानदाराने?

अभिनंदन! आणि बहुतेक नाही फसवलं. हिऱ्याला पाणी चिकटत नाही पण तेल-तूप भलतंच चिकटतं, इतकं की खाणींमध्ये खडी पाण्याबरोबर ग्रीस लावलेल्या टेबलावरून वाहवत न्यायचे, साधे दगड पुढे जायचे आणि हिरे ग्रीसला चिकटून राहायचे. तिच्या हाताचं क्रीम, साबणाचा थर, अंगाचं तेल हे सगळं खालच्या पैलूंवर बसलंय आणि उजेड तिथूनच परतायचा असतो. वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब, अंगठी वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने खालून, कोंदणाच्या आतून घासा, वरून नाही. खळखळून धुवा आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. ब्लीच नको, क्लोरीन सोन्याच्या नख्या खातं. नंतर कानाशी धरून हलकेच टकटक करून बघा, आतून किलकिल आवाज आला तर खडा ढिला झालाय, ताबडतोब सोनार गाठा.

आणि धुताना बेसिनचं भोक आधी बंद करा.